मागितलेला तरवा

मिरचीच्या रोपांचा सातवा डबा प्रभावतीने घरातून आणून पडवीत ठेवला, तेव्हा बाकावर बसलेला कृष्णनाथ उठलाच.

"तू हें कितें करता गो? मरतलीं तीं."

"मरूं देत."

"अगो, भायर ट्रक धांवतात."

"ट्रक धांवतात म्हणूनच हाडलीं." ती आठवा डबा आणायला आत गेली.

डिचोलीजवळच्या त्या गावातून खनिजाचे ट्रक सकाळी सहाला सुरू होत ते दिवेलागणीपर्यंत. लाल धूळ तुळशीवर बसे, पाण्याच्या घागरीवर बसे, ताटातल्या भातावरही बसे. लग्न होऊन आल्यापासून प्रभावती दर हिवाळ्यात परसात मिरचीचा तरवा घालत आली होती. ट्रक सुरू झाल्यावर ओळीने तीन वर्षं ती रोपं बोटभर वाढून मेली. चौथ्या वर्षी तिने हट्टाने तरवा घरात घेतला. बाळंतिणीच्या खोलीच्या छपरात दोन काचेची कौलं बसवून घेतली, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, पाव भाजणाऱ्या पोदेराकडून तेलाचे रिकामे डबे आणून आडवे कापले आणि त्यांत बी पेरलं. एका डब्यात टोमॅटो, बाकीच्यांत मिरची. रोपं वीतभर झाली की ओढ्यापलीकडच्या मळ्यात लावायची. तिथवर धूळ पोचत नसे.

मिरचीचं बी हरमलचं, तिच्या आईच्या हातचं. आई निवडक लाल मिरच्या देठासकट चुलीवर धुरात टांगून ठेवी आणि लेक माहेरी आली की एक माळ तिच्या पिशवीत घाली. आई गेल्या पावसाळ्यात गेली. घरात तिची एकच माळ उरली होती. यंदा दसरा झाल्यावर प्रभावतीने ती सोडली आणि सगळं बी पेरलं. मळ्यात झाडं झाली की पुढच्या वर्षाचं बी आपसूक मिळणार होतं, म्हणून तिने मागे एक दाणाही ठेवला नाही.

तीन आठवड्यांनी गोकुळदास आला. हा कृष्णनाथचा चुलतभाऊ, खाणीवर मुकादम होता. खोलीच्या दारात उभा राहून तो म्हणाला होता, "वैनी, कितें बरीं रोपां आसात तुजीं! दोन डबे दी मगे. सायबाच्या हापिसांत ठेवतां. सोबतलीं."

प्रभावतीने विचारही केला नाही. तरवा मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नसतं, आणि घेणाऱ्याने आभाराचं 'देव बरें करूं' म्हणायचं नसतं. म्हटलं तर रोपं रुजत नाहीत, अशी तिकडची समजूत. तिने मिरचीचे दोन चांगले डबे निवडून त्याच्या हातात दिले. तो काही न बोलता निघून गेला, तेव्हा तिला वाटलं, मुकादम झाला तरी रीत विसरला नाही.

धुळीबद्दल कृष्णनाथने सरकारात तक्रार केली होती. एरवी सरकारी काम गोगलगायीच्या चालीने चालतं, पण या तक्रारीचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. कोंकणी की मराठी यावर गावाने सगळं वर्ष भांडण्यात घालवलं होतं, सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जायचे थांबले होते. गोवा राज्यही झालं. आणि घरात आलेलं पत्र इंग्रजीत! पोस्टमास्तरांनी ते वाचून अर्थ सांगितला. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांना खाणीच्या कार्यालयात तक्रारदाराच्याच घरची रोपं दाखवण्यात आली. ती निरोगी व टवटवीत आढळली. सबब, धुळीने पिकांचं नुकसान होतं या म्हणण्यात तथ्य नाही.

आपल्याला खोटं पाडलं म्हणून प्रभावतीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "म्हजींच रोपां व्हरून म्हाकाच फटींग थारायली? म्हज्या घरांत येवन, म्हाका वैनी म्हणून?"

कृष्णनाथने वीस जणांच्या सह्या घेऊन पुन्हा अर्ज केला. उद्या, गुरुवारी, सरकारी साहेब घरी येऊन पाहणार होते, म्हणून त्याला सगळे डबे मळ्यात लपवायचे होते. प्रभावतीने ते शुक्रवारीच ऐकून घेतलं होतं आणि रविवारपासून रोज दोन-दोन डबे बाहेर आणायला सुरुवात केली होती. आज बुधवार. आठवा, शेवटचा डबा ठेवून तिने कंबर सरळ केली.

"एक तरी डबो परत भितर व्हर गो. आवयचें बी तें."

"दोन डबे पुरो जाले त्यांकां फट मारूंक," ती म्हणाली. "एक उरलो जाल्यार तोच दाखयतले."

तिने रोपांना नेहमीसारखं पाणी घातलं. ऊन लागू नये म्हणून डबे पडवीच्या सावलीत ठेवले होते. पण रविवारच्या डब्यांकडे बघवत नव्हतं. रात्री दव पडे, त्यावर धूळ चिकटे आणि सकाळी पानांवर तिची खपली धरे. रोपांनी माना टाकल्या होत्या. प्रभावतीने एक पान पदराने पुसायला घेतलं आणि मग हात आवरला.

गुरुवारी साहेब आले ते नाकावर रुमाल धरून. गोकुळदास त्यांच्या मागे जीपमधून उतरला. साहेबांनी वाकून रविवारच्या डब्यातल्या एका पानावर बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"उदक घालूंक ना, सायबा," गोकुळदास घाईने म्हणाला. "घरांतलीं रोपां एकदम भायर काडल्यार मरतातच."

"हापिसांतले दोन डबे हाडूंक सांगात," प्रभावती साहेबांना म्हणाली. "एकाच दिसा पेरिल्लें, एकाच माळेचें बी. हीं रोपां सावळेंत आसात, मातयेक हात लावन पळयात उदक आसा काय ना. ह्यांकां फकत धुल्ल मेळ्ळी. त्यांकां मेळूंक ना."

साहेबांनी मातीत बोट खुपसलं. माती ओली होती. त्यांनी गोकुळदासकडे पाहिलं.

जीप खाणीवर जाऊन आली. डबे आणून शेजारी ठेवले गेले. बंद काचांमागे, थंड हवेच्या यंत्राजवळ वाढलेली ती रोपं थोडी उंचाडी झाली होती, पण हिरवीगार होती. साहेबांनी कागद काढला, बराच वेळ लिहिलं. लाल बोटाचा ठसा कागदाच्या कडेला उमटला तो त्यांनी पुसला नाही. काय लिहिलं ते कोणाला सांगितलंही नाही.

ते जीपकडे निघाले, तसे गोकुळदासने दोन्ही डबे उचलले. "सायबाच्या हापिसांतले," तो कोणाकडेही न बघता पुटपुटला.

कृष्णनाथ पुढे झाला. "दवर ते थंय! बी आमचें!"

"दिल्लो तरवो परत घेनात, दादा," गोकुळदास म्हणाला. "रीत आसा."

रीत होतीच. कृष्णनाथ जागीच थांबला.

प्रभावती पायरी उतरून अंगणात आली. तिने पदर सावरला, गोकुळदाससमोर उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले.

"भावजी," ती म्हणाली, "कितें बरीं रोपां आसात तुमचीं! दोन डबे दियात मगे."

जीपचं इंजिन सुरू झालं होतं. साहेब मागे वळून बघत होते, कुंपणापाशी शेजारीपाजारी उभे होते. गोकुळदासने एकदा कुंपणाकडे पाहिलं. त्याने एक डबा तिच्या हातात दिला. ती हलली नाही. मग दुसराही दिला, आणि तसाच उभा राहिला, तिने काहीतरी बोलावं म्हणून.

प्रभावती काही बोलली नाही. डबे घेऊन ती आत गेली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं.