बाकाखालचे हात

दिंडोरीच्या शाळेत आम्हा शिक्षकांचं गणिताचं प्रशिक्षण निघालं, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सत्त्याण्णव साल, त्यात बदल्यांचा मोसम. शेजारी बसलेले महेश गुरुजी कुजबुजले, "बाई, नापास झालं की थेट सुरगाण्याच्या डोंगरात!"

शिकवायला आलेले ललित सर गोड बोलत होते, म्हणून मला जास्तच संशय. त्यांनी काडेपेटीतल्या काड्या वाटल्या. "आज दहाचा गठ्ठा विसरा. पाच काड्या झाल्या की रबर लावा. सात काड्या म्हणजे एक गठ्ठा, दोन सुट्या. लिहायचं १२, म्हणायचं 'एक दोन'."

सातला बारा! वीस वर्षं शिकवतेय मी, मला वेड्यात काढता?

मग त्यांनी फळ्यावर ४४ लिहिलं. "यात एक काडी मिळवा."

"पंचेचाळीस," मी तोऱ्यात म्हणाले.

"पाचवी काडी सुटी राहील का, बाई?"

सापळाच होता तो! मी गुपचूप हात बाकाखाली नेला आणि बोटं मोजली. सुट्या पाच झाल्या, त्यांचा गठ्ठा. आता गठ्ठेही पाच, त्यांचा मोठा गठ्ठा. एक शून्य शून्य!

गुरुजी माझं उत्तर चोरतील म्हणून तिकडे पाहिलं, तर त्यांचाही हात बाकाखाली. पुढच्या रांगेतही तेच.

"हात वर घ्या हो," सर हसले. "बोटं मोजायची लाज कसली? लपवायला शिकवलं कुणी?"

वर्गात सगळे मास्तरच होते. मी हात बाकावर काढून ठेवला.