आईने सांगितलं होतं

लेण्यांच्या पायथ्याशी गाडी लावून थोरलीने किल्ली काढली, तोवर धाकटीने मागचं दार उघडून आईचा दंड धरलाही होता.

"अगं, उतरू तर दे मला," आई म्हणाली. "डोळे अधू झालेत, पाय नाहीत."

"वेळेवर तोंड उघडलं असतंस तर डोळेही झाले नसते," धाकटी म्हणाली.

थोरलीने किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन लावण्यात उगाच वेळ घालवला. गेले दोन महिने हेच चाललं होतं. धाकटी दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवायची. तिचा रोज संध्याकाळी आईला फोन यायचा, आणि औषधाचे थेंब घातलेस का, हे विचारून झालं की तिची गाडी त्याच वळणावर यायची. एवढं होत होतं तर सांगितलं का नाहीस? आम्ही काय मेलो होतो? आई म्हणायची, "राहून गेलं गं." आणि त्याच घरात राहणारी थोरली तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची.

कारण आईने सांगितलं होतं. थोरलीलाच सांगितलं होतं.

थोरलीचं चष्म्याचं दुकान होतं. समोर काचेच्या कपाटात फ्रेमा, मागे अंधारी खोली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि ज्यावर गिऱ्हाइकाला बसवून 'हे स्पष्ट की हे?' असं विचारायचं ती उंच खुर्ची. नंबर काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. चाळिशी उलटलेलं कुणीही आलं, की ती चष्म्याबरोबर एक सल्लाही द्यायची, तोही फुकट: "एकदा डॉक्टरांकडून डोळ्यातला दाब मोजून घ्या. दुखत नाही, कळत नाही, पण नजर खातो."

आई पहिल्यांदा आली ती खांदा चोळत. दाराची चौकट लागते म्हणाली. थोरलीने तिला खुर्चीत बसवलं. आईने तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचून दाखवली. नंबर किंचित बदलला होता, थोरलीने नवीन चष्मा दिला. काही महिन्यांनी आई परत आली. कप ठेवायला गेलं की टेबलाची कड चुकते, बाजूने कुणी आलं की भुतासारखं एकदम समोर उभं राहतं. थोरलीने फ्रेम नाकावर नीट बसवून दिली. तिसऱ्यांदा आई आली तेव्हा दुकानात गर्दी होती. "आई, नंबर अगदी बरोबर आहे," थोरली काउंटरमागूनच म्हणाली. "चालताना लक्ष कुठे असतं तुझं? नवरा शोधतेस का या वयात?" गिऱ्हाइकं हसली. थोरलीही हसली. आईही जरा हसली, आणि पुन्हा कधी काही म्हणाली नाही.

आईचे वडील म्हातारपणी आंधळे झाले होते. हे थोरलीला माहीत होतं. दुसऱ्या कुणी नुसतं तेवढं सांगितलं असतं तरी तिने त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं असतं. पण आई म्हणजे घरचीच. तिच्यासाठी उद्याचा दिवस होताच.

दोन वर्षांनी आई जिन्यात पडली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. डोळ्यांची नस सुकत आली होती. कडेची नजर गेली होती, मधली तेवढी उरली होती, नळीतून पाहिल्यासारखी. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून राखायचं, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी विचारलं, "त्रास कधीपासून जाणवतोय?"

थोरलीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "हल्लीच. मी कुणाला बोलले नाही."

तिथे बोलायची वेळ होती. ती गेली. मग दुसऱ्या दिवशी बोलणं जड झालं, तिसऱ्या दिवशी त्याहून जड. आता तर रोज संध्याकाळी फोन वाजला की थोरली काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची, आणि तिथून स्पीकरवरचं सगळं ऐकायची.

लेणी पाहायची इच्छा आईची. उभा जन्म तिने छापखान्यात पुस्तकबांधणी केली होती. या लेण्यांचं एक मोठं चित्रांचं पुस्तक तिच्या हातून गेलं होतं. छापलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, घडी करायचे, क्रमाने लावायचे, शिवायचे. वाचायला कुणाला सवड, पण चित्रं डोळ्यांखालून जायची. सोंड तुटलेल्या हत्तीचं डोकं एका फर्म्यात, धड दुसऱ्यात. डॉक्टरांकडून परतताना ती एवढंच म्हणाली होती, "लेणी बघायची राहिली." म्हणून धाकटी सुट्टी काढून आली होती.

पहिली लेणी बौद्धांची. लहान लहान खोल्या, प्रत्येकीत दगडाचाच ओटा, त्याला दगडाचीच उशी. "संसार नाही, पसारा नाही," आई म्हणाली, "झाडलोट किती सोपी." पुढचं दालन उंच होतं. छताला लाकडी वाशांसारखे वासे होते, पण तेही कातळातून कोरून काढलेले. वरच्या कमानीतून उजेड येत होता आणि शेवटी स्तूपाला टेकून बुद्ध बसले होते, पाय खाली सोडून, खुर्चीत बसल्यासारखे.

आई त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. मान वर केली, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग खाली. बराच वेळ ती तशी मान फिरवत राहिली.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"हात दिसला. गुडघा दिसला. चेहराही दिसला. पण अख्खे नाही दिसत गं. तुकड्या तुकड्यांतच येतात."

धाकटी ओठ चावत दुसरीकडे पाहू लागली. थोरली पुढे झाली. "आई, माझा हात धर. आता मागे ये. आणखी मागे. मी आहे, ये." खांबांमधून उलट्या पावलांनी तिने आईला पार दारापर्यंत आणलं. "आता बघ."

आईने पाहिलं. मग तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि पुन्हा पाहिलं.

"मावले," ती म्हणाली. "अख्खे मावले."

"नळीतून बघताना वस्तू लांब असली की जास्त मावते," थोरलीने धाकटीला सांगितलं.

"ताई, तुला केवढं कळतं यातलं," धाकटी म्हणाली. "आईने तुला आधी एका शब्दाने सांगितलं असतं ना, तर आज ही वेळच आली नसती."

आई बुद्धांकडेच बघत होती. थोरलीच्या जिभेवर शब्द आले होते. तिने ते गिळले आणि म्हणाली, "चला, ऊन वाढतंय."

पुढे हिंदूंची लेणी लागली. एका पडवीत नाचणारा शंकर होता, दुसऱ्या भिंतीवर रावणाने अख्खा पर्वत खांद्यावर घेतलेला. थोरली आईला प्रत्येक ठिकाणी मागे नेऊन, नीट कोनात उभं करून दाखवत होती. इथे पायरी, इथे खाचखळगा, इथे मान वाकव. एवढं करत होती की शेवटी आईच म्हणाली, "अगं, श्वास तरी माझा मला घेऊ दे." धाकटी हसली. "कर गं ताई, तू करच. निदान तुझं ऐकते ती."

ते वाक्य थोरलीला चपराकीसारखं लागलं. मोठ्या देवळाच्या अंगणात त्या शिरल्या, तेव्हाही ते तिच्या कानातच होतं. डोंगर वरून खाली कोरत आणून तिथे एक अख्खं देऊळ मोकळं केलेलं होतं. लोक माना वर करून बघत होते. आईला मात्र अंगणातला दगडी हत्ती दिसला. "सोंड तुटलेला!" ती म्हणाली. "हाच तो, पुस्तकातला." आणि हात सोडून ती सरळ त्याच्याकडे निघाली.

थोरली तिच्या बरोबर होती, पण मनाने नव्हती. बाजूने दगडाचा एक कट्टा आडवा येत होता. आईला तो दिसणं शक्यच नव्हतं. थोरलीला दिसायला हवा होता.

आई पडली. हाताच्या तळव्यांवर आणि गुडघ्यावर. पहारेकरी धावत आला, त्याने आणि थोरलीने मिळून तिला हत्तीच्या चौथऱ्यावर बसवलं. फार लागलं नव्हतं. तळवा खरचटला होता, नडगीवर रक्त आलं होतं. धाकटी बाटलीतल्या पाण्याने हात धुऊ लागली, आणि धुता धुता तिचं तोंड सुरू झालं.

"हट्टी आहेस. पहिल्यापासून हट्टी. सगळं पोटात ठेवायचं, कुणाला त्रास नको म्हणायचं, आणि मग सगळ्यांना जन्मभराचा त्रास. ताईचं दुकान घरापासून दोन गल्ल्यांवर. जगाचे डोळे तपासते ती. आणि सख्ख्या आईला तिथे जाऊन दोन शब्द बोलता येत नाहीत?"

"बस झालं," आई म्हणाली.

"नाही बस झालं. मी बोलणार. तू जर…"

"तिने सांगितलं होतं," थोरली म्हणाली.

धाकटीने वर पाहिलं. "कुणाला?"

"मला. तीन वेळा आली होती दुकानात. चौकट लागते म्हणाली, टेबलाची कड चुकते म्हणाली. मी चष्मा बदलून दिला. शेवटी तर चारचौघांत तिची चेष्टा केली. त्यानंतर ती बोलली नाही."

"थोरले," आई हळूच म्हणाली, "आता कशाला?"

धाकटीच्या हातातली बाटली तशीच वाकडी राहिली होती, पाणी दगडावर सांडत होतं. तिने ती सरळ केली.

"म्हणजे डॉक्टरांसमोर आई खोटं बोलली."

"हो."

"तुझ्यासाठी."

"हो."

"आणि मी दोन महिने रोज हिला फाडून खातेय, ते तू ऐकत होतीस? त्याच घरात बसून?"

थोरलीने मान हलवली. चूक झाली होती ती एक वेळ सांगता आली असती. सांगता न येण्यासारखं होतं ते हे. तिने धाकटीच्या डोळ्यांत पाहायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

धाकटीने आईच्या तळव्याला रुमाल गुंडाळला, गाठ मारली, बाटली चौथऱ्यावर ठेवली आणि अंगणाबाहेर निघून गेली.

दोघी बसून राहिल्या. पहारेकरी एकदा डोकावून गेला. जैनांची लेणी थोडी लांब होती. परत जाऊया का, असं थोरलीने विचारलं.

"एवढ्या लांब आले ती काय पडायला?" आई म्हणाली. "चल."

जैनांच्या लेण्यात गारवा होता. भिंतीत एक उघडा मुनी उभा होता, इतका काळ उभा की वेली त्याच्या पायांवरून मांड्यांपर्यंत चढल्या होत्या. थोरलीने आईला मागे घेतलं, अंदाज घेऊन थांबवलं. आई खूप वेळ बघत राहिली.

"आई," थोरली म्हणाली, "तू शिव्या तरी दे मला."

"तुझ्यावर रागावले होते मी," आई म्हणाली. ती अजून मूर्तीकडेच बघत होती. "तो चष्मा बदलून दिलास त्यासाठी नाही. तुला कळलं नाही, नाही कळलं. पण हसलीस ते लागलं. वाटलं, आपण म्हातारे झालो, आता आपलं बोलणं म्हणजे कुरकुर."

"मग डॉक्टरांपाशी झाकलंस कशाला?"

"तुझा चेहरा बघितला. समोरचं दिसतं मला अजून. त्या वेळी झाकलं. पण नंतर रोज वाटायचं, आज ही बोलेल. धाकटी फोनवर तोंड सोडायची आणि मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचे. तू भांडी घासत असायचीस. घासलेलीच परत."

थोरलीला रडू आलं. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. रुमाल गुंडाळलेला हात छातीशी धरून ती म्हणाली, "अजून आहे थोडा राग. जाईल तेव्हा जाईल. नाक पूस, लोक बघतायत."

धाकटी तिथेच येऊन त्यांना भेटली. तिचे डोळे लाल होते. ती सरळ आईपाशी गेली. "मी नको नको ते बोलले तुला."

"बोललीस."

"आता नाही बोलणार."

"बोलशील. स्वभाव आहे तुझा," आई म्हणाली. "फक्त फोन रोज करत जा."

थोरलीशी धाकटी बोलली ती परतीच्या वाटेवर. आई पुढच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. मागून धाकटीचा आवाज आला, कोरडा, वर्गात शिकवतानाचा.

"डॉक्टरांना खरं सांगायला हवं. किती दिवसांत किती नजर गेली, ते त्यांना चुकीचं माहीत आहे. औषध त्यावर ठरतं."

"सांगते. सोमवारीच जाते."

"मी थांबते सोमवारपर्यंत. बरोबर येते."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

धाकटीने खिडकीबाहेर पाहिलं. "सध्या नाही," ती म्हणाली.

सोमवारी तिघी दवाखान्यात गेल्या. थोरलीने पहिल्या चष्म्यापासून सगळं सांगितलं, हसण्यासकट. डॉक्टरांनी मध्ये एकदाच चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही स्वतः या धंद्यातल्या," ते म्हणाले. जुनी तारीख खोडून नवी लिहिली, नजर वाटली होती त्यापेक्षा सावकाश गेली आहे, म्हणजे उरलेली राखायला वाव आहे, असं सांगितलं आणि थेंब बदलून दिले. मग म्हणाले, "हा आजार घराण्यात चालतो. मुलींनी तपासून घेतलंय का?"

दोघींपैकी कुणीच घेतलं नव्हतं.

बाहेर बाकावर नंबर लागायची वाट बघत त्या बसल्या. आई मधे बसली होती. धाकटीने विचारलं, "दुखतं का गं ते?" प्रश्न कुणाला होता ते कळेना.

"नाही," थोरली म्हणाली. "हनुवटी टेकवायची, समोर बघायचं. वाऱ्याची एक फुंकर येते डोळ्यावर. दचकायला होतं, एवढंच."

"मग आधी तू जा," धाकटी म्हणाली.

थोरली उठली.