रॅमस्लोच्या पुलाच्या कमानी

गॉर्डन बॅगशॉने लाल पेन्सिलीने चौदाचा आकडा खोडला आणि वर तेरा लिहिलं, तेव्हा विल्फ्रेड त्याच्या समोरच बसला होता. कागद विल्फ्रेडच्या बायकोचा, एनिडचा होता, तिनेच टाइप केलेला.

"खोडतोस काय? विचारलंस का कुणाला?"

"पुलालाच विचारलं. रविवारी जाऊन मोजून आलो. रॅमस्लोच्या पुलाला तेरा कमानी आहेत, विल्फ."

"एकोणीस वर्षं त्या पुलावरचे रूळ मी सांभाळलेत, मास्तर. तू तेव्हा पोरांना भूगोल शिकवत होतास."

"इतिहास."

"तेच ते."

"भांडायचं असेल तर आधी केक संपवा," बेरिल म्हणाली. ही जागा म्हणजे जुन्या स्टेशनची प्रतीक्षाखोली. गाड्या बंद होऊन तीस वर्षं झाली, आता इथे बेरिल चहा विकते. "मागच्या वेळी तुमच्या भांडणात माझी बशी फुटली."

डर्बीशर परगण्यातली रेल्वेची सगळी स्टेशनं, बोगदे आणि पूल यांचं पुस्तक एनिड अकरा वर्षं लिहीत होती. लिहून झालं आणि फेब्रुवारीत ती गेली. ते छापायचं काम तिच्या रेल्वेप्रेमींच्या मंडळाने गॉर्डनकडे दिलं होतं. विल्फ्रेडने त्याला एकच गोष्ट सांगितली होती, तिच्या एका अक्षराला हात लावू नकोस. ती काय कष्ट घ्यायची ते त्याने पाहिलं होतं. बोगद्यात विजेरी घेऊन शिरायची. जुन्या स्टेशनात आता राहणाऱ्या लोकांची दारं वाजवायची आणि तिकिटाची खिडकी कुठे होती ते दाखवा म्हणायची. एकदा एका बाईने तिला वीजमीटर बघायला आलेली समजून घरात घेतलं होतं.

"ती सगळं तीनतीनदा तपासायची," विल्फ्रेड म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय. एवढा एक आकडा चुकला तर बाकीच्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. नावं तिलाच ठेवतील. शुक्रवारी छापखान्यात द्यायचंय. तू स्वतः बघून ये. आलास आणि चौदा म्हणालास, तर चौदा छापतो."

दुसऱ्या दिवशी विल्फ्रेड गेला. रूळ उचलून नेले होते, पुलावरून आता लोक फिरायला जातात, सायकली नेतात. कठड्यात ठरावीक अंतरावर कोनाडे होते. गाडी आली की रूळ दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या टोळीतली माणसं त्यात अंग चोरून उभी राहायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने कोनाडे मोजले. चौदा. त्याला बरं वाटलं. परत फिरणार होता, पण गॉर्डन विचारेल, खाली उतरलास का? म्हणून तो पायवाटेने उतरला. गुडघे दुखत होते. खाली ओढा, मेंढ्या आणि ओलं गवत.

वर बघून त्याने कमानी मोजल्या. तेरा. ओढा ओलांडून दुसऱ्या बाजूने मोजल्या. तेराच.

तो दगडाच्या बांधावर बसला. कोनाडे चौदा आणि कमानी तेरा कशा, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. दोन कमानींच्या मधल्या प्रत्येक खांबावर एक कोनाडा, असे बारा. आणि पूल जिथे डोंगराला टेकतो तिथे दोन्ही टोकांना एकेक. टोळीतलं कुणी कमानींबद्दल बोलतच नसे. सातव्यात जेवणाचे डबे ठेवलेत, नवव्याजवळ रूळ सैल झालाय, असंच बोलायचे. जीव वाचायचा तो कोनाड्यात, त्यामुळे मोजायचे ते कोनाडेच. आणि कुणी बाहेरच्याने विचारलं, पुलाला कमानी किती, तर बेधडक चौदा सांगायचे. एकोणीस वर्षांत तो एकदाही खाली उतरला नव्हता.

घरी येऊन त्याने एनिडची वही काढली. ती गेल्यापासून ती वही त्याने उघडली नव्हती. प्रत्येक नोंदीपुढे तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'स्वतः मोजलं', 'स्वतः पाहिलं', आणि तारीख. पानामागून पान तसंच. रॅमस्लोच्या पुढे तारीख नव्हती. तिथे लिहिलं होतं, 'चौदा. विल्फने सांगितलं.'

मग त्याला ती दुपार आठवली. दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. पुलावर ती कठड्याला टेकून उभी होती. तेव्हाच तिला धाप लागायची.

"खाली जाऊन मोजून येऊ या का?" ती म्हणाली होती.

"कशाला? मी आहे ना. चौदा."

"नक्की?"

"एनिड, माझा पूल आहे तो."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि वही काढून लिहिलं. तिचा उतरायचा त्रास वाचला म्हणून तो तेव्हा खूश झाला होता. स्टेशनमास्तरांचा शब्दही न मानणारी बाई, सगळ्या पुस्तकात एवढ्या एकाच ठिकाणी तिने दुसऱ्याचं ऐकलं होतं.

त्याने पेन शोधून आणलं. मग चष्मा लावून तिच्या ओळीखाली त्याने लिहिलं, 'तेरा. स्वतः मोजलं.' पुढे तारीख घातली. त्याचं अक्षर तिच्या अक्षराच्या दुप्पट मोठं आलं, पार समासात गेलं.

गुरुवारी त्याने वही गॉर्डनसमोर उघडून ठेवली. गॉर्डनने दोन्ही ओळी वाचल्या. त्याने लाल पेन्सिल हातात घेतली.

"तेरा छाप," विल्फ्रेड म्हणाला. "आणि पुढे लिही, वर कोनाडे चौदा. तेही खरंच आहे."

"लिहितो. तळाशी टीप घालू का, आधीची चूक कशी झाली ती?"

"घाल. चूक विल्फ्रेड ओलेरेनशॉची, असं सरळ नाव घालून लिही. तिची नव्हती ती."

"कोण वाचणार आहे रे तळटिपा?" बेरिल चहा ठेवता ठेवता म्हणाली.

"तिने वाचल्या असत्या," विल्फ्रेड म्हणाला आणि साखरेचं भांडं पुढे ओढलं.