कंदात नसलेला डाग

रविवारी गंजाड गावच्या चिंचेखाली पाय ठेवायला जागा नव्हती. घोलवडहून बाबाचा टेम्पो भरून माणसं आली होती, अर्धी दम्यानं धापा टाकत. मधोमध भगव्या गादीवर कंदबाबा. चेला पाट्यावर डोंगरातला कंद वाटायचा, बाबा वर झोळीतली विभूती भुरभुरवायचा, की पुडी तयार.

"हा रघ्या बघा!" बाबानं रूपीच्या नवऱ्याला उभं केलं. "दम्यानं वाळला होता. आता तोंड बघा, पुनवेचा चांद!"

रघ्याचा दमा खरंच बसला होता. गालही गरगरीत झाले होते. घरात खायला तेच आणि तेवढंच, मग गाल फुगले कशानं, हे विचारतो कोण? आपल्याकडे अंग भरलं की देवीची कृपा, विषय संपला!

रूपीला मात्र नवऱ्याचं पाऊल दिसत होतं. चिकूच्या बागेत काटा लागलेला, आता जखम काळी पडत चाललेली. बाबाची ताकीद होती: डॉक्टरची सुई टोचलीत तर देवी उठून जाईल.

शाळेच्या पडवीत सोनलताई मुक्कामाला होती. कुठल्या औषधी झाडात कोणतं रसायन आहे हे तपासून नोंदायचं, म्हणजे पुढे त्यातून औषध शोधता येईल, हे तिचं काम. बाबानं तिलाही जाहिरातीला जुंपलं होतं. "मुंबईचं सायन्स आमच्या कंदाच्या पायाशी बसलंय!"

शनिवारी रूपी तिच्यापुढे पुडी टाकून म्हणाली, "ताई, पाय सडतोय त्याचा. यात आहे तरी काय?"

सोनलनं पांढरा थर दिलेल्या काचेवर तीन थेंब ठेवले. एक स्वतः खणलेल्या कंदाचा, एक पुडीचा. तिसरा स्टेरॉइडच्या गोळीचा. स्टेरॉइडनं दमा बसतो, पण तोंड फुगतं; रघ्याकडे बघून तिला तोच संशय होता. तळाशी थोडा द्रव असलेल्या बरणीत काच उभी केली. द्रव वर चढला, तशी रसायनं आपापल्या उंचीवर थांबली. आयोडीनची वाफ देताच डाग उठले. पुडीत एक डाग जास्तीचा होता. कंदात तो नव्हता. गोळीत होता, बरोब्बर त्याच उंचीवर.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, काच घेऊन ती गर्दीत शिरली आणि पुडीतला जास्तीचा डाग तिनं सगळ्यांना दाखवला. "बाबा, नुसता कंद द्या. विभूती नको."

"विभूतीशिवाय कंद म्हणजे माती!"

"मीही तेच म्हणते."

गर्दीत खसखस पिकली. बाबानं झोळी छातीशी धरली. "देवी कोपेल!"

"कोपू दे मेली, झोळी दाखव!" म्हाताऱ्या तुळशीनं झोळी हिसकून उलटी केली. राखेबरोबर स्टेरॉइडच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं खाली पडली.

लोक पुड्या चुलीत घालायला धावले, तशी सोनल ओरडली, "थांबा! हे औषध अचानक तोडलं तर जीव जाऊ शकतो. यानंच रक्तातली साखर वाढते, जखम भरत नाही. पुडी बरोबर घ्या आणि आजच दवाखान्यात चला. डॉक्टर ते हळूहळू उतरवतील."

रूपीनं रघ्याला बाबाच्याच टेम्पोत चढवलं.

"अगं, पण देवी उठून गेली तर?"

"जाऊ दे. पाय तुझा राहू दे."

तर मंडळी, कंदात गुण असेलही. सोनल तेच तर शोधते, पण ती काच चारचौघांत दाखवते. जो दाखवत नाही, त्याच्या हातून औषध घेऊ नका. आणि देवीला भ्या, पण डॉक्टरकडे जायला भिऊ नका.