सहीच्या आधीचं भांडण

सुमंगला सिस्टरला भांडायची चटक लागली होती, आणि भांडणारा माणूस सोनपेठला निघून गेला होता. दुखणं एवढंच. पण एवढ्याशा दुखण्यानं माणूस किती झुरतो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

पालमच्या अलीकडं एका गावात सरकारी दवाखाना होता. तिथं ती अकरा वर्षं नोकरीला. डॉक्टर उद्धवराव आले तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मी मीटिंगला परभणीला गेलो, की तुम्ही पेशंटचं काय करता?"

"जमंल ते करते, अन् दुसऱ्या दिवशी तो चांगला दिसंपर्यंत घाबरते," ही म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फुलस्केप कागद काढला. डॉक्टर हजर नसताना सिस्टरनं काय करायचं, औषध किती द्यायचं, कुठं हात आवरायचा आणि पेशंटला पुढं पाठवायचं, हे सगळं कलमवार लिहायचं ठरलं. अठरा कलमं झाली. खाली दोघांच्या सह्या. एकाचीच सही असली तर तो हुकूम, दोघांची असली तर ती कबुली, असं डॉक्टर म्हणायचे.

दरवर्षी एक जानेवारीला, ओपीडी उरकली की, तो कागद मोठ्यानं वाचायचा. एकेका कलमावर वाद घालायचा, बदलायचं ते बदलायचं, मगच नव्या सह्या. अहो, काय भांडायचे दोघं! कंपाउंडर सूर्यभान दारात बसून मजा ऐकायचा. गावात लोक बोलायचेच. त्यांना वाटायचं तसं काही नव्हतं, डॉक्टरांची बायको-लेकरं परभणीला होती. पण अगदीच काही नव्हतं म्हणावं, तर तेही खोटं. आपल्या बोलण्यावर कुणी थांबून विचार करावा, हे सुख सुमंगलाला दुसरीकडं कुठंच मिळालं नव्हतं. माहेरी नाही, आणि सासरच्यांनी तर दोन वर्षांत घालवूनच दिलेलं.

जूनमध्ये डॉक्टरांची सोनपेठला बदली झाली. सही करणारा गेला की कागद संपला, हा त्यांचाच नियम. नवे डॉक्टर आले, व्यंकटराव. माणूस वाईट नाही, खोटं कशाला बोला. सुमंगलानं सगळा कागद नव्यानं लिहून पुढं ठेवला, तर त्यांनी खिशातलं पेन काढून खाली सही ठोकली.

"साहेब, वाचा तरी."

"तुम्हाला सगळं येतंय सिस्टर, मी काय वाचू?"

आग लागो असल्या विश्वासाला! त्या सहीवर तिला सगळं करायची मुभा होती, आणि सुई धरताना बोटं गार पडायची. एखादं कलम चुकलेलं असलं तर कोण सांगणार होतं?

डिसेंबरात सूर्यभाननं बातमी आणली, "शिष्टरबाई, सोनपेठच्या दवाखान्यात शिष्टरची जागा खाली हाय म्हणं." तिनं त्याच दिवशी बदलीचा अर्ज लिहिला. त्यावर तिथल्या डॉक्टरांची, म्हणजे उद्धवरावांचीच, शिफारस लागणार होती. मग काय, एक जानेवारीला रजा टाकली, इस्त्रीचं लुगडं नेसली, गंगाखेडला बस बदलली आणि दुपारी दोनला सोनपेठला उतरली.

ओपीडी उरकली होती. बाहेरच्या बाकावर ती टेकणार, तोच आतून एका पोरीचा आवाज आला.

"अर्धा तास कशाला, सर? पेनिसिलिनची चाचणी घेतली की पंधरा मिनिटं थांबवायचं. बस्स झालं."

"अर्धाच तास. आणि डोळ्यांसमोर बसवायचं, ओसरीत नाही. ओसरीतला माणूस बसचा आवाज आला की उठतो, आणि रिअॅक्शन येऊन वाटेत पडतो," डॉक्टर उद्धवराव म्हणाले.

सुमंगला टेकता टेकता उठली. हे बोल तिचे होते, शब्दान् शब्द तिचे! तीन वर्षांखाली ह्याच कलमावर ती दीड तास भांडली होती, आणि पंधरा मिनिटांवर अडून बसलेले होते ते हेच डॉक्टर. तिला रडू आलं आणि रागही आला. पडदा सारून ती आत गेली.

"अहो सिस्टर! या, या!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "हेमा, मी सारखं सांगतो ना, त्या ह्या. सहावं कलम ह्यांचंच."

हेमा महिन्यापूर्वी त्या जागेवर रुजू झाली होती. सूर्यभानची बातमी शिळी निघाली. अर्ज पिशवीतच राहिला.

पोरगी मात्र धीट. चहा हातात देत म्हणाली, "ताई, मग तुमीच सांगा. दारात रांग लागलेली असती. एकेक माणूस अर्धा तास पुढ्यात कसा ठिवू?"

सुमंगलानं धुरपताबाईचं सांगितलं. चाचणी घेऊन ओसरीत बसलेली म्हातारी बस आली म्हणून निघाली आणि फाटकात कोसळली. "फाटकात पडली म्हणून वाचली. बसमदी पडली असती तर मला कळलं बी नसतं."

हेमानं बाहेरच्या बाकाकडं बघितलं. मग म्हणाली, "दोघांना एकदम बसवलं तर?"

"दोघं चालतील."

"तिघंही चालतील," डॉक्टर मधेच बोलले.

"न्हाई चालणार!" दोघी एकदम कडाडल्या. डॉक्टरांनी हसत हात जोडले, आणि सहाव्या कलमात 'एका वेळी दोनच' असं वाढलं.

अठरा कलमं व्हायला साडेचार वाजले. ह्याच अडीच तासांसाठी सुमंगला सहा महिने तळमळली होती. ती इतकी खूश होती, की चहा प्यायचाही राहिला.

डॉक्टरांनी खाली सही केली आणि पेन पुढं केलं. सुमंगलाचा हात आपसूक पुढं गेला. पेन हेमाकडं चाललं होतं. हेमाला ते दिसलं आणि पोरगी बिचारी थबकली.

"कर बाई," सुमंगला हात मागं घेत म्हणाली. "दवाखाना तुजा हाय."

स्टँडपर्यंत डॉक्टर सोबत आले. "कशासाठी आला होता, सिस्टर?"

तिनं अर्ज काढून दिला. त्यांनी तो उभ्यानं वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

"जागा तर भरली हो," ते हळूच म्हणाले.

"बघितलं की."

"व्यंकटरावांना वाचायला लावा. वाचल्याशिवाय सही घेऊच नका."

"लावते. त्यांच्यासंगं भांडंन बी. पण ते तुमी न्हाईत, डॉक्टर."

डॉक्टरांनी अर्जाची घडी घालून तिच्या हातात परत दिली. गंगाखेडची बस लागली. ती चढून खिडकीशी बसली, तसे ते खिडकीखाली येऊन उभे राहिले. "पुढच्या सालीही या वाचायला. हेमालाही बरं वाटेल."

"न्हाई येणार," सुमंगला म्हणाली. "भांडण माजं अन् सही दुसरीची. जीव लय तुटतो."