उजव्या हाताचा मधुमेह

सभागृह गच्च भरलं होतं. खुर्च्या संपल्या तसे लोक भिंतींना टेकून उभे राहिले, आणि ज्यांना भिंतही मिळाली नाही ते एकमेकांना टेकले. मंचावर मधुहारी बाबा शाल पांघरून विराजमान. शेजारी चेला. चेल्याच्या हातात रक्तातली साखर मोजायचं साधं यंत्र, घरोघरी असतं तसलंच, पण कॅमेरा लावून त्याचा आकडा भल्यामोठ्या पडद्यावर दाखवायची सोय केलेली. विज्ञानाला शिव्या घालायलाही विज्ञानाचाच पडदा लागतो, काय करणार!

"उजवा हात पुढे!" बाबा गरजले. "उजवा हात म्हणजे कर्माचा हात! मुठीत द्राक्षं धर माई, आणि पीळ! पेशीपेशीतली गोड लहर बोटांत उतरू दे!"

मंचावर बोलावलेल्या माईंनी द्राक्षं पिळली. चेल्यानं रुमालानं हात वरवर टिपला, बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. पडद्यावर आकडा उमटला, चारशे बारा. लोकांनी तोंडावर हात ठेवले. मग बाबांनी माईंचे हात 'सिद्धजला'च्या भांड्यात बुडवले, खसाखसा चोळले, कोरडे केले आणि डोळे मिटून असा हुंकार दिला की माइक किंचाळला. पुन्हा सुई. एकशे अडतीस! टाळ्यांनी छत खाली यायचं बाकी राहिलं.

"आज औषध घेऊन आलीस ना माई? शाब्बास. उद्यापासून बंद! टाक ती गुलामी त्यागपेटीत!"

आणि माईंनी आपलं इन्सुलिनचं पेन खरंच पेटीत, आधीच्या भक्तांच्या पेनांवर टाकलं.

तिसऱ्या रांगेत बसलेली भाची ताडकन उठली. कारण ही माई म्हणजे तिची सख्खी आत्या. आई गेल्यावर आत्यानंच तिला वाढवलं, शिलाईचं दुकान चालवून शिकवलं, आणि आता ती सरकारी विद्यापीठात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. आत्या सुईला वैतागली होती हे खरं. "दिवसभर सुई माझ्या हातात, आणि सकाळ-संध्याकाळ सुई माझ्याच पोटात! माणूस आहे की उशी?" असं ती रोज म्हणायची. पण इन्सुलिन बंद केल्यावर काय होतं, ते भाचीनं वॉर्डात पाहिलं होतं. कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्शन सोडलेला एक धडधाकट माणूस बेशुद्ध होऊन आला आणि शुद्धीवर आलाच नाही. त्याच्या बायकोचा चेहरा तिला अजून आठवायचा.

"आत्या, वेडी झालीस का? चल, पेन काढ पेटीतून," खाली आलेल्या आत्याचा दंड धरून ती कुजबुजली.

"गप गं! तुझ्या पुस्तकात नसतं सगळं. डोळ्यांनी आकडा बघितला मी."

आकडा तर तिनंही बघितला होता. खटकलं होतं ते वेगळंच. सुई टोचण्याआधी चेल्यानं बोट धुवायला लावलं नव्हतं. नर्सिंगच्या पोरीला हे असं खटकतं, जसं आत्याला तिरकं काज खटकतं. आणि तिला एकदम पहिलं वर्ष आठवलं. वॉर्डातले एक आजोबा द्राक्षं खात बसले होते. हिनं तसंच बोट टोचलं, आकडा चारशेच्या वर, आणि ही बोंबलत डॉक्टरांकडे! ट्यूटरबाईंनी शांतपणे आजोबांचा हात साबणानं धुतला, पुन्हा तपासलं, तर साखर एकदम ठीक. "बाई, तू आजोबांची नाही, द्राक्षाची साखर मोजलीस," त्या म्हणाल्या होत्या. सगळी बॅच महिनाभर हिला 'द्राक्षराणी' म्हणत होती.

अस्सं होय! भाचीला हसू फुटलं. कोपऱ्यातल्या बेसिनवर जाऊन तिनं दोन्ही हात स्वच्छ धुतले आणि सरळ मंचावर चढली.

"बाबा, माझंही बघा ना. मला आपलं उगाच भ्या वाटतंय."

"ये बेटा! पीळ!"

तिनं उजव्या मुठीत द्राक्षं पिळली. तीनशे नव्वद. सभागृह हळहळलं. "एवढ्याशा पोरीला!" आत्या तर धाडकन उभीच राहिली.

"बाबा, रोग कुठवर पसरलाय ते कळू दे," भाची रडवेल्या आवाजात म्हणाली आणि डावा हात पुढे केला. चेल्यानं सवयीनं टोचलं.

ब्याण्णव.

"अगं बाई! म्हणजे मला फक्त उजव्या हाताचा मधुमेह आहे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा सावरले. "रोग उजवीकडून शिरतो. डावीकडे पोचायला वेळ लागतो!"

"रक्त मिनिटाभरात अख्खं अंग फिरून येतं, बाबा. तुमच्या रोगाची बस चुकली का?" असं म्हणून ती खाली उतरली, बेसिनच्या नळाखाली उजवा हात धुतला आणि परत येऊन तेच बोट पुढे केलं. चेल्यानं बाबांकडे बघितलं. "टोच की रे!" लोक ओरडले.

त्र्याण्णव.

"म्हणजे नळही सिद्धपुरुष निघाला!" मागून एक म्हातारबुवा म्हणाले, आणि हशा उसळला.

"मला मधुमेह झालेला नाही, हात चिकट झालाय," भाचीनं माइक घेतला. "द्राक्षाचा रस बोटाला राहतो, रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि आकडा फुगतो. हात धुतला की रस जातो आणि खरा आकडा दिसतो. खोटं वाटत असेल तर आता बाबांनी पिळावं!"

बाबांनी दोन्ही हात शालीत लपवले.

हसत नव्हती ती फक्त आत्या. "पण माझे एकशे अडतीस?" तिनं विचारलं. "ते तरी खरे ना?"

"खरे. पण ते बाबांचे नाहीत गं. सकाळी पोटात टोचून घेतलेल्या सुईचे आहेत. म्हणून तर हे सांगतात, आज औषध घेऊन या, उद्या बंद करा. उद्या तू कशी असशील ते बघायला हे इथे थांबणारच नाहीत."

आत्या मंचावर चढली. पेटी उघडून, पेनावर चिकटवलेली नावाची चिठ्ठी बघून तिनं आपलं पेन काढलं. मग बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, माझं माप चुकलं तर कापड वाया जातं. तुमच्या मापानं मी गेले असते, आणि ही पोर दुसऱ्यांदा पोरकी झाली असती."

भाचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग एकेक जण पेटीकडे सरकू लागला, तशी ती भानावर आली. "दुसऱ्याचं पेन उचलू नका हं! नाव नसेल तर आजच दवाखान्यातून नवं घ्या! आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडायचं नाही. कुणी सोडा म्हटलं तर विचारा, का सोडू, आणि काही झालं तर तुम्ही कुठे सापडाल? उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका."

चेला यंत्र आवरत होता. बाबा मागच्या दारानं कधी निघून गेले, ते कुणाला कळलंही नाही.

संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून आत्या आत आली आणि पेन भाचीपुढे धरलं. "आजपासून तूच टोच. माझा हात थरथरतो, कुणाला सांगितलं नाही कधी."

"मग मला सांगायचं की!"

"आता सांगतेय ना! टोच मुकाट्यानं. तू म्हातारी होईस्तोवर जगायचंय मला."