आत्याची किटली

बाबा गेले तेव्हा त्यांच्या कारखान्यातल्या टेबलावर एकच काम अर्धं राहिलं होतं, जुन्या वूट्झ पोलादाच्या तलवारीचं पातं. घासून झालं होतं. पोलादाच्या पोटातली नक्षी आम्लाने वर आणायची बाकी होती. ते मला जमलं तर कारखाना चालू ठेवायचा, नाहीतर विकायचा, असं मी आत्याला सांगून टाकलं होतं.

तेलकटपणा काढून मी कापसाने पातळ आम्ल फिरवलं. पातं नुसतंच मळकट झालं. पुन्हा घासलं, पुन्हा लावलं, तरी तेच.

आत्या चहा घेऊन आली. "घे. तुझा बाप असता तर चहाआधीच आधण पळवलं असतं."

"कशाला?"

"मी पाणी उकळायचं आणि यानं किटली उचलून त्या पात्यावर ओतायची. म्हणायचा, कुडकुडतंय बिचारं."

मी शिकायला बसायचे तोवर पातं टेबलावर आलेलं असायचं. ते गरम असतं हे मला कधी कळलंच नव्हतं.

"आत्या, किटलीत पाणी उरलंय?"

"घे बाई. बापाचीच लेक."

मी पातं पुन्हा घासलं, त्यावर उकळतं पाणी ओतलं, पुसलं आणि ऊब होती तोवर कापूस फिरवला. मुठीकडून बारीक रुपेरी रेषा उमटू लागल्या, वळत, एकमेकींत शिरत, पार टोकापर्यंत.

आत्याने चष्मा लावला आणि बराच वेळ वाकून पाहिलं. मग रिकामी किटली उचलली.

"उद्या तुझी वेगळी किटली आण," ती म्हणाली. "ही मी देणार नाही."